पहिल्या पानावरचे दस्तखत

पुण्याच्या पेशवे दफ्तरातील एखादा रुमाल सोडून त्यातले मोडी पत्र उजेडात धरले, म्हणजे बहुधा असे दिसते की मायन्यापासून तपशिलापर्यंतचा सारा मजकूर कारकुनाच्या सराईत, धावत्या हाताने उतरलेला आहे, ‘बहुत काय लिहिणे’ हा निरोपाचा शिरस्ताही त्यानेच पाळलेला आहे, आणि तरीसुद्धा त्या कागदाला पत्राची किंमत आली आहे ती शेवटी उमटलेल्या मोर्तबामुळे, किंवा क्वचित धन्याने स्वहस्ते घातलेल्या एखाद्या ओळीमुळे. फारसीतून आपल्याकडे आलेला ‘दस्तखत’ हा शब्द ह्या बाबतीत फार नेमका आहे. दस्त म्हणजे हात आणि खत म्हणजे लिहिणे. नाव कोणाचे आहे ह्यापेक्षा हात कोणाचा होता, ह्याची ग्वाही त्यात अधिक आहे.

पुस्तकाच्या दुकानात, संध्याकाळच्या वेळी, मांडणी बाजूला सारून केलेल्या हातभर जागेत एखादा लेखक आपल्या नव्या पुस्तकातील काही पाने वाचून दाखवतो आणि वाचन संपल्यावर टेबलाशी बसून एकामागून एक पुढे येणाऱ्या प्रतींवर सही करतो, तेव्हा समोरचा वाचक जे मागत असतो ते ह्या जुन्या मोर्तबाहून निराळे नसते. कागद गिरणीचा, अक्षर छापखान्याचे, बांधणी कारागिराची, आणि तीच ओळ त्याच पानावर आणखी हजार घरांत आहे, हे त्याला पुरते ठाऊक असते. त्या हजारांतली एक प्रत आपल्या नावची व्हावी आणि ज्या हाताने हे लिहिले त्याचा स्पर्श तिला व्हावा, एवढीच त्याची अर्जी असते. ही प्रथा साहेबाच्या देशातून आली असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. तिचे बाह्य रूप तिकडून आले हे मान्य करावयास हवे. परंतु तिच्यामागची ओढ मराठी माणसाच्या ठायी किती जुनी आहे आणि मध्यंतरी ती कशी खंडित झाली, हे पाहिल्यावाचून त्या टेबलापुढे तिष्ठत उभ्या असलेल्या माणसाचे मन कळावयाचे नाही.

मराठी वाङ्मयाची पहिली पाच-सहाशे वर्षे ही प्रायः श्रवणाची वर्षे आहेत. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवाशास सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. म्हणजे आपल्या भाषेतील ह्या आद्य महाग्रंथाचा वाचक निर्माण होण्यापूर्वी त्याचा श्रोता समोर बसलेला होता, आणि ज्ञानदेव त्याला जागोजाग उद्देशून बोलतात, त्याची परवानगी मागतात, त्याच्या अवधानाचे मोल सांगतात. ग्रंथकर्ता आणि त्याचा चाहता ह्यांची भेट हा तेथे ग्रंथानंतरचा समारंभ नाही, तो ग्रंथाचाच भाग आहे. पुढे संतकवींनी आपापल्या अभंगांच्या शेवटच्या चरणात जी नाममुद्रा गोवली, तिचाही विचार ह्याच अंगाने केला पाहिजे. ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’, ‘एका जनार्दनी’ ही त्या त्या कवीची सहीच होय. फरक एवढाच की ती शाईने उमटत नाही, गाणाऱ्याच्या कंठातून उमटते, आणि कवीला देह ठेवून शतके लोटली तरी प्रत्येक कीर्तनात ती नव्याने केली जाते. तुकोबांचे अभंग उतरून घेणारे चाकणचे संताजी जगनाडे ह्यांच्या वह्यांना वारकरी जो मान देतात, तो ह्यासाठीच की बोलणारा आणि ऐकणारा ह्यांच्यामध्ये तेथे दुसरे कोणी आलेले नव्हते.

आपण सभेच्या मंचाला ‘व्यासपीठ’ म्हणतो आणि हा शब्द रोजच्या वापराने इतका गुळगुळीत झाला आहे की त्याचा मूळ अर्थ कोणाच्या ध्यानात येत नाही. व्यासपीठ म्हणजे ग्रंथकर्त्याचे आसन. देवळाच्या सभामंडपात पुराण सांगावयास बसणारा पुराणिक त्या आसनावर असेतो व्यासांच्या जागी मानला जाई. त्याला श्रोते नमस्कार करीत तो त्याच्या विद्वत्तेला नव्हे, तर त्याच्या मुखाने बोलणाऱ्या ग्रंथकर्त्याला. जो लेखक हजारो वर्षांपूर्वी होऊन गेला तोसुद्धा समक्ष उपस्थित आहे असे मानल्यावाचून ज्या समाजाचे वाचन सुरूच होत नसे, त्या समाजाला लेखकाला भेटण्याची हौस परदेशातून उसनी आणावी लागली, हे म्हणणे मला पटत नाही.

छापखाना आला आणि ही भेट तुटली. छापखान्याने जे दिले त्याची थोरवी कमी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु त्याने जे घेतले तेही नोंदवले पाहिजे. सेरामपूरला विल्यम केरीच्या देखरेखीखाली १८०५ मध्ये मराठी व्याकरण छापले गेले, मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८४१ साली पंचांग छापले, आणि छापील कागदाचा विटाळ मानणाऱ्यांची शंका फिटावी म्हणून शाईत चरबीऐवजी तूप घालण्यापर्यंत त्या कर्तबगार माणसाने काळजी घेतली. पुढे सरकारने चोवीस हजार रुपयांची मंजुरी देऊन तुकोबांची गाथा छापविली. शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली तिचे दोन खंड १८६९ ते १८७३ ह्या काळात बाहेर पडले. जी नाममुद्रा आजवर कंठातून उमटत होती ती आता शिशाच्या खिळ्यांनी उमटू लागली. वाचक एकटा झाला. दिव्यापाशी बसून, मनातल्या मनात, कोणाला न ऐकवता वाचणारा हा नवा माणूस ग्रंथकर्त्याला ओळखत नव्हता आणि ग्रंथकर्ता त्याला ओळखत नव्हता. दोघांच्या मध्ये छापखानदार होता, पोस्ट होते, आणि पुढे पुढे पुस्तकाचे दुकान.

ह्या काळातील जुनी पुस्तके हाताळताना एक गोष्ट मला नेहमी थांबवते. शीर्षकपानाच्या पाठीमागे, ‘सन १८६७ च्या २५ व्या कायद्याप्रमाणे’ पुस्तक नोंदले असल्याच्या ओळीजवळ, काही पुस्तकांत ग्रंथकर्त्याची सही किंवा शिक्का असतो आणि खाली सूचना असते की ज्या प्रतीवर ही खूण नसेल ती चोरीची समजावी. छापील मराठी पुस्तकावर लेखकाने हाताने केलेल्या सह्यांचा एक मोठा उगम असा आहे. तो प्रेमातला नाही, कज्ज्यातला आहे. पुस्तक चोरून छापणाऱ्या इसमापासून आपला हक्क राखण्यासाठी बिचारा ग्रंथकार शेकडो प्रतींवर दस्तखत घालीत बसे, आणि ते कोणाच्या हाती पडणार ह्याची त्याला गंधवार्ता नसे. परंतु ती प्रत ज्याच्या घरी गेली त्याने त्या अक्षरांकडे पाहताना केवळ कायद्याचाच विचार केला असेल, असे मला वाटत नाही. ग्रंथकर्ता नावाचा माणूस खरोखर आहे, त्याला हात आहे आणि त्याच्या हाताला एक वळण आहे, हे त्या वाचकाने तेथेच प्रथम पाहिले असणार.

ग्रंथकार मात्र एकमेकांस भेटू लागले होते. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी ह्यांच्या पुढाकाराने मे १८७८ मध्ये पुण्यास हिराबागेत मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. आजच्या साहित्य संमेलनाची परंपरा तिच्यापासून मोजतात. १८८५ मध्ये दुसरी सभा भरावयाची होती तेव्हा रानड्यांनी जोतीराव फुल्यांना निमंत्रण पाठविले आणि फुल्यांनी पत्राने ते नाकारले. त्या पत्राचा आशय सर्वश्रुत आहे: जे लोक शूद्रातिशूद्रांचे मनुष्यत्वाचे अधिकार मनोभावे मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या पुस्तकांतील भावार्थाशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही. ह्या पत्राची चर्चा बहुधा संमेलनाच्या इतिहासात होते. मला ते आपल्या विषयाच्याही मुळाशी आहे असे वाटते. लेखक आणि वाचक ह्यांची भेट कोठे घडवावयाची, तिला कोणी यावयाचे आणि दाराशी कोण उभे राहावयाचे, हा प्रश्न फुल्यांनी त्या दिवशी मांडला, आणि त्याचे उत्तर सात दशकांनंतर कोठे मिळाले ते पुढे सांगतो.

विलायतेत लेखक आणि वाचक ह्यांची भेट ह्याच्या थोडे आधी निराळ्या वाटेने घडू लागली होती. चार्ल्स डिकन्सने डिसेंबर १८५३ मध्ये बर्मिंगहॅमच्या नगरगृहात एका लोकोपयोगी कार्यासाठी आपली कथा वाचून दाखविली. १८५८ पासून तिकीट लावून तो गावोगाव वाचू लागला, अमेरिकेचा दौरा करून आला, आणि मार्च १८७० मध्ये लंडनला शेवटचे वाचन केल्यावर तीन महिन्यांच्या आत मरण पावला. त्या श्रमांनी त्याची प्रकृती खंगली हे त्याचे चरित्रकार सांगतात. वाचकांच्या समोर उभे राहण्याची ही तहान एका महान लेखकाच्या आयुष्याशी खेळली. परंतु ही वाचने मोठ्या सभागृहांतली होती. दुकानाच्या चार भिंतींत ही भेट कशी नांदते हे पाहावयाचे तर पॅरिसला जावे लागते. सिल्व्हिया बीच ह्या अमेरिकन बाईंनी नोव्हेंबर १९१९ मध्ये तेथे ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ हे दुकान उघडले. पुस्तके विकावीत, वर्गणीने वाचावयास द्यावीत, लेखकांची टपाले सांभाळावीत, त्यांना हातउसने पैसे द्यावेत, असा त्या दुकानाचा कारभार होता. जेम्स जॉइसच्या ‘युलिसीज’ला प्रकाशक मिळेना तेव्हा ह्या दुकानदारीण बाईंनीच ते पुस्तक फेब्रुवारी १९२२ मध्ये काढले, हजार प्रतींची आवृत्ती, आणि त्यांतल्या पहिल्या शंभर प्रती, अधिक किमतीच्या, लेखकाच्या सहीच्या. पुढे १९३६ च्या सुमारास दुकान बुडीत निघण्याची वेळ आली, त्या वेळी आंद्रे जीदच्या पुढाकाराने दुकानाच्या मित्रांचे मंडळ स्थापन झाले आणि वर्षाची वर्गणी भरणाऱ्यांना जीद, व्हालेरी, एलियट ह्यांच्यासारख्या लेखकांची वाचने त्या लहानशा जागेत ऐकावयास मिळू लागली. लेखकांनी आपल्या आवाजाने दुकान तगवले. जर्मन अंमलात, १९४१ मध्ये, ते मिटले.

आपल्याकडे तुटलेला धागा पहिल्याने जुळविला तो कवींनी. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ जमले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश आणि त्यांचे सहकारी रविवारी चहाला एकत्र येत, एकमेकांस कविता ऐकवीत, आणि लवकरच त्यांनी ती बैठक घराबाहेर आणली. यशवंत आणि गिरीश ह्यांनी शाळा-महाविद्यालयांतून, सभांतून, गावोगावच्या वाचनालयांतून कविता गाऊन दाखविल्या. काव्यगायनाच्या ह्या रिवाजाला टीकाकारांनी पुढे पुष्कळ नावे ठेविली, आणि गोड गळ्याने कवितेतील उणीव झाकली जाते हा आक्षेप निराधार नव्हता. तरीही ज्या मराठी वाचकाने जिवंत कवी कधी पाहिलाच नव्हता, त्याच्यासमोर ह्या मंडळींनी कवी उभा केला, हे त्यांचे ऋण नाकारता येणार नाही. तीस-चाळीस वर्षांनी विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर हे तिघे एकत्र गावोगाव हिंडून कविता वाचू लागले, तेव्हा त्यांच्यासाठी तो रस्ता मळलेला होता. त्यांनी गाणे सोडले आणि वाचन ठेविले, एवढा त्यांचा विवेक.

दुकानाची गोष्ट ह्यापेक्षा संथ आहे, आणि मला ती अधिक जवळची वाटते. आरंभीचे आपले पुस्तकविक्रेते शाळेची क्रमिक पुस्तके, पोथ्या, पंचांगे आणि वह्या विकून गुजराण करीत. कथा-कादंबऱ्यांसाठी एखादी फळी. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, जेथे पेशवाईतील अप्पा बळवंत मेहेंदळे ह्यांचा वाडा होता, तेथे आजही जून महिन्यात पाय ठेवावयास जागा नसते ती पाठ्यपुस्तकांमुळे. डेक्कन जिमखान्यावर विठ्ठलराव दीक्षितांनी ‘इंटरनॅशनल बुक सर्व्हिस’ काढले आणि उभ्याउभ्या पुस्तक चाळणाऱ्या वाचकाला दुकानात मोकळीक मिळू लागली. मुंबईत केशव भिकाजी ढवळे ह्यांचे नाव गिरगावात घरोघर पोचले होते. लॅमिंग्टन रस्त्यावर गणेश भटकळ ह्यांनी १९२४ मध्ये ‘पॉप्युलर बुक डेपो’ स्थापिला. आणि गिरगावातच, मॅजेस्टिक सिनेमाच्या आश्रयाने, सिनेमाचेच नाव घेऊन, ‘मॅजेस्टिक बुक स्टॉल’ उभा राहिला. खटाववाडीत ‘मौज’चा छापखाना होता. ट्रामच्या दोन-तीन थांब्यांच्या ह्या टापूत लेखक, मुद्रक, प्रकाशक, विक्रेता आणि वाचक हे सारेच राहत किंवा कामाला येत, आणि त्यामुळे लेखकाची भेट ठरवावी लागत नसे, ती होई. कचेरी सुटल्यावर गिऱ्हाईक दुकानात शिरे तो गल्ल्याशेजारच्या स्टुलावर एक गृहस्थ वर्तमानपत्र चाळत बसलेले दिसत, आणि पुस्तक बांधता बांधता दुकानदार हळूच सांगे की हे जे तुम्ही नेत आहात ते ह्यांचेच आहे.

सही घेण्याची खरी मराठी रीत ह्या स्टुलापाशी जन्मली असे माझे मत आहे. तिला ना निमंत्रणपत्रिका होती, ना हारतुरे. पुढे मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळ्यांसारख्या कल्पक माणसाने ह्या बैठकीला आकार दिला. त्यांनी जानेवारी १९६४ मध्ये ‘ललित’ मासिक काढले, ज्यात लेखक, पुस्तके आणि प्रकाशनव्यवहार ह्यांचीच वार्ता असे आणि जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ ह्या नावाने साहित्यिकांचा समाचार घेत. आणि ‘मॅजेस्टिक गप्पा’ सुरू करून लेखकाला दुकानातून उचलून शेकडो वाचकांसमोर खुर्चीवर बसविले, तो भाषण करण्यासाठी नव्हे तर प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी. गप्पा संपल्या की शेजारी पुस्तकांची मांडणी असे, आणि तेथे सह्यांसाठी गर्दी. मराठी पुस्तकाची आवृत्ती दीर्घकाळपर्यंत हजार-अकराशे प्रतींची असे. एका संध्याकाळी पन्नास प्रतींवर सह्या झाल्या तर आवृत्तीचा विसावा हिस्सा लेखकाच्या डोळ्यांसमोर, नावानिशी, वाचकांच्या हाती गेला असा त्याचा अर्थ होई. मोठ्या भाषांतील लेखकांना हे भाग्य नाही.

त्या टेबलाशी काय घडते, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दुकानातील अनुभवी माणूस लेखकाच्या डाव्या हाताला उभा राहतो आणि वाचकाच्या हातून प्रत घेऊन, नेमके पान उघडून, तळहाताने कणा दाबून ती लेखकासमोर सरकवितो. ज्याला हे साधते त्याच्यामुळे रांग चालते, आणि ज्याला साधत नाही त्याच्या दुकानात रात्र होते. लेखक विचारतो, “नाव काय घालू?” आणि येथे माणसे नाना प्रकारची निघतात. कोणी स्वतःचे नाव सांगताना इतके हळू बोलतात की दुसऱ्यांदा विचारावे लागते. कोणी म्हणतात, “माझे नको, आईचे घाला, तिने मला हे वाचून दाखविले”. कोणी दारिद्र्याच्या दिवसांत घेतलेली, पुठ्ठा निखळलेली जुनी आवृत्ती पिशवीतून काढतात, आणि नवी प्रत न घेतल्याबद्दल दुकानदाराकडे ओशाळून पाहतात. चांगला दुकानदार अशा वेळी नजर दुसरीकडे वळवितो. पूर्वी फौंटनपेनाची शाई वाळेपर्यंत टीपकागद ठेवावा लागे, आणि तो दाबताना जो क्षणभर विलंब होई त्यात दोन शब्द बोलता येत. बॉलपेनाने तो विलंब नेला. मी स्वतः अशा रांगांत अनेकदा उभा राहिलो आहे, आणि जे बोलावयाचे म्हणून पाठ करून गेलो ते एकदाही बोललेलो नाही. परंतु समोर बसलेल्या माणसाने माझे आडनाव लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची शंका विचारली, एवढ्यानेही घरी येताना मन भरलेले असे.

सगळ्याच लेखकांना ह्या टेबलाशी बसता आले नाही. १९३३ मध्ये ह. वि. मोटे ह्यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केले, लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनातले त्या पुस्तकाने इतक्या निर्भीडपणे मांडले की महाराष्ट्रात वादळ उठले; निषेधाच्या सभा भरल्या, वर्तमानपत्रांतून झोड उठली, आणि ही बाई कोण ह्याचा शोध घेण्यात कित्येकांनी आपली विद्वत्ता खर्ची घातली. प्रकाशकाने तोंड उघडले नाही. बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, ह्या त्या काळात कोणत्याही दुकानात जाऊन आपल्या पुस्तकावर सही करू शकल्या नसत्या. ज्या मुलींनी ते पुस्तक उशाखाली लपवून वाचले, त्यांनाही तशी सही मागावयास येता आले नसते, कारण देवळातील पुराणाला बायका निःशंक जात, पण पुस्तकाच्या दुकानाची पायरी हा पुरुषांचा मुलूख होता. लेखिका आणि वाचक दोघींनाही भेट नाकारली गेली आणि तरीही त्या एकमेकींस ओळखत होत्या. मराठी वाचकाच्या इतिहासात ह्याहून हृदयद्रावक प्रकरण मला ठाऊक नाही.

जी. ए. कुलकर्ण्यांची गोष्ट वेगळी. त्यांना येता आले असते, त्यांनी यावयाचे नाही असे ठरविले. धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत ते राहिले, सभासंमेलनांपासून दूर, भेटीस उत्सुक असलेल्या वाचकांपासूनही दूर. परंतु त्यांनी दार बंद केले तरी टपालपेटी उघडी ठेविली. त्यांच्या पत्रांचे अनेक खंड ‘मौजे’ने काढले, सुनीताबाई देशपांड्यांनी त्यांना लिहिलेली पत्रे ‘प्रिय जी. ए.’ ह्या नावाने प्रसिद्ध आहेत. आणि ती वाचताना कळते की ज्या लेखकाला रांगेतले अर्धे मिनिट देणे मान्य नव्हते त्याने पत्रातून माणसांना आयुष्याचे तास दिले. सहीचे तत्त्व त्यांनी मोडले नाही, ते पराकोटीला नेले. लेखकाने समोर यावे हा वाचकाचा हक्क आहे असे मानणाऱ्यांनी जी. एं.चे स्मरण ठेवावे.

आता फुल्यांच्या प्रश्नाकडे येतो. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे निधन झाले. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी दादरच्या चैत्यभूमीवर, आणि धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, लक्षावधी माणसे येतात; आणि येणारा माणूस, मग तो शेतमजूर असो की गिरणीतला, परत जाताना ऐपतीप्रमाणे पुस्तक घेऊन जातो. शिवाजी पार्काच्या मैदानावर आणि भोवतालच्या रस्त्यांवर ताडपत्र्या अंथरून जी पुस्तके मांडलेली असतात, त्यांतील कित्येक पुस्तकांचे लेखक, कवी, पुस्तिकाकार स्वतःच त्या ताडपत्रीमागे बसलेले असतात. तेथे खुर्ची नाही, सूत्रसंचालक नाही, चहा नाही. पुस्तक घेणारा विचारतो, “हे तुम्हीच लिहिलंय का दादा?” आणि दादा मांडीवर पुस्तक ठेवून ‘जयभीम’ लिहितात आणि खाली सही करतात. मराठीत लेखक आणि वाचक ह्यांची सर्वांत मोठी भेट वर्षातून ह्या दोन ठिकाणी होते असे मी म्हणतो, आणि प्रकाशनव्यवहाराचे इतिहास लिहिणाऱ्यांनी त्या ताडपत्रीची जी उपेक्षा केली आहे ती अक्षम्य आहे. हिराबागेत ज्या वाचकाला जागा नव्हती त्याने आपली जागा स्वतः केली, आणि तीही उघड्या आकाशाखाली, जेथे दार नाही.

दुकाने मात्र एकेक करून मिटत आहेत. मुंबईत टी. एन. शानभाग ह्यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात थाटलेले आणि पुढे फोर्टात नांदलेले ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झाले. तेथे इंग्रजी पुस्तके असत, पण गिरगावातले आणि दादरचे किती मराठी वाचक पगाराच्या दिवशी तेथे जात हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. पुस्तक आता घरपोच येते. ते चोख बांधलेले असते, स्वस्तही असते. त्याच्याबरोबर स्टुलावरचा गृहस्थ येत नाही. दुकानदार हा त्या दस्तखताचा साक्षीदार होता, आणि साक्षीदारावाचून झालेल्या व्यवहाराची आठवण कोणी ठेवीत नाही.

मला एकदा फोर्टातल्या पदपथावर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात, माझ्या आवडत्या एका कादंबरीची पहिली आवृत्ती सापडली. पुठ्ठा ग्रंथालयाचा होता, करड्या बकरमाचा, भक्कम. आत पाहतो तो आरंभीचे कोरे पान नव्हते. बांधणीकाराने ते कापून टाकले होते. परंतु शाई त्या काळची, ओली असताना पुस्तक मिटले गेले असावे, कारण समोरच्या शीर्षकपानावर उलट्या अक्षरांत ‘स्नेहपूर्वक’ हा शब्द आणि त्याखाली सहीच्या शेपटीचा पुसट फराटा उमटलेला होता. आरशासमोर धरून तो मी वाचला. कोणाला दिले, कोणत्या गावी, कोणत्या साली, ते पान गेल्याबरोबर गेले.

आपल्या सार्वजनिक वाचनालयांतून अशी पाने रोज जात आहेत. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे; आणि तालुक्या-तालुक्याच्या गावी शतक ओलांडलेली वाचनालये आहेत, ज्यांना लेखकांनी, वकिलांनी, मास्तरांनी आपले संग्रह देणगीदाखल दिले. जीर्ण झालेले पुस्तक बांधणीला जाते, आणि बांधणीकार मागचेपुढचे कोरे कागद निरुपयोगी म्हणून उतरवितो. त्यात त्याचा दोष नाही, त्याला तसे सांगणारा कोणी नसतो. तरी वाचनालयांच्या चिटणिसांस आणि ग्रंथपालांस माझी विनंती आहे की, पुस्तक बांधणीस देण्यापूर्वी त्याची पहिली चार पाने कोणीतरी डोळ्यांखालून घालावीत, ज्यावर हाताने लिहिलेले एक अक्षरही असेल ते पान नव्या बांधणीत आतल्या बाजूस घेण्याची लेखी ताकीद द्यावी, आणि दाखलपुस्तकात त्या ग्रंथाच्या नावापुढे ‘स्वाक्षरी आहे’ एवढे दोन शब्द लिहून ठेवावेत. आणि लेखकांस विनंती अशी की, सही कोऱ्या पानावर करू नये. शीर्षकपानावर, आपल्या छापील नावाखाली करावी. ते पान बांधणीकार कापीत नाही.